फार्मसीतली पहिली पाच वर्षं: नाशिकच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. कॉलेजच्या ज्युनिअर मुली, आमच्याकडे ट्रेनिंग करून गेलेली मुलं, कुणाचा तरी मावसभाऊ. मी २०१३ पासून नाशकात काउंटरवर आहे. आधी पंचवटीत, मग एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये, आता नाशिकरोडला. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथे नुसता क्रमांक दिला आहे.

१. ताई, डी.फार्म. करून लगेच नोकरी धरू की बी.फार्म. करू? आणि फार्म.डी. म्हणजे नक्की काय?

डी.फार्म. दोन वर्षांचं, त्यावर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. बी.फार्म. चार वर्षांचं. फार्म.डी. सहा वर्षांचं, भारतात ते २००८ मध्ये सुरू झालं आणि त्याचं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमधल्या इंटर्नशिपचं असतं. मेडिकलच्या काउंटरवर औषध देण्याचा अधिकार कायद्याने तिघांनाही सारखाच. औषध निरीक्षक व्हायचं असेल, एम.फार्म. करायचं असेल, तर पदवी हवीच.

घरी पैशाची निकड असेल तर डी.फार्म. करा, वर्षभर काउंटरवर उभे राहा, मग बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्या. तशी सोय आहे. काउंटर पाहून वर्गात परत आलेल्या मुलांना फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं त्याचा अभ्यास) वेगळीच कळते, हे मी माझ्या बॅचमध्ये पाहिलंय. मला स्वतःला मात्र ते उशिरा सुचलं.

२. रिझल्ट लागला. उद्यापासून मेडिकलमध्ये औषधं देऊ शकतो ना?

नाही. आधी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी, मग औषध देणं. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. नंबर येईपर्यंत तुम्ही दुकानात फार्मासिस्टच्या हाताखाली काम शिकू शकता, एवढंच.

डी.फार्म.वाल्यांसाठी २०२२ च्या नियमांनी नोंदणीआधीची एक्झिट परीक्षा आणली आहे. तुमच्या बॅचचं काय, हे कॉलेजमध्ये आधीच विचारून घ्या. नोकरी ठरल्यावर कळलं की फजिती होते. नोंदणी झाली म्हणजे कायमची झाली असंही नाही. तिचं नूतनीकरण असतं, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्सना बसावं लागतं. बरेच जण तिथे सही करून जेवून येतात. मीही पहिल्या वेळी तेच केलं.

३. दिवसभर स्ट्रिपा कापायच्या आणि बिलं मारायची. एवढ्यासाठी चार वर्षं शिकलो का?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, बहुतेक वेळा रात्री साडेदहानंतर. मी मोठं भाषण देत नाही, एक प्रसंग सांगते.

पंचवटीत असताना एक मावशी तोंड आलं म्हणून लावायचं जेल मागायला आल्या. जेल पस्तीस-चाळीस रुपयांचं. काढून द्यायचं, पैसे घ्यायचे, विषय संपला. पण त्या आठवड्यात मी नवी सवय लावून घेत होते: काहीही मागितलं तरी 'सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?' हे विचारायचंच. मावशींनी पिशवीतून स्ट्रिप काढली. मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी चालू होती. 'कधी घेता?' 'रोज रात्री, जेवण झालं की.'

संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस जाऊही शकतो. चिठ्ठीवर आठवड्याचा वार लिहिलेला होता, पण इंग्रजीत. सुनेने वाचली, 'रात्री एक' एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी मावशींना लगेच बोलावून घेतलं. जेल विकलं गेलंच नाही. त्या दिवशीच्या गल्ल्यात याची नोंद शून्य.

चार वर्षांच्या शिक्षणाचं काय झालं, तर ते त्या 'कधी घेता?' मध्ये आहे. मेथोट्रेक्सेट हे नाव पाहून पोटात धस्स व्हायला अभ्यास लागतो. स्ट्रिप कापायला तो लागत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून स्ट्रिप कापता कापता विचारायचं.

४. पण संध्याकाळी सात ते नऊ दुकानात पाय ठेवायला जागा नसते. समजावून सांगायचं कधी?

समुपदेशन हा शब्दच घाबरवतो. टेबल, खुर्ची, वीस मिनिटं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. गर्दीत तुमच्याकडे अर्धा मिनिट असतो. त्यात एकच वाक्य बसतं, तर ते नेमकं निवडा.

थायरॉइडच्या गोळीला: 'सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा नंतर. कॅल्शियम चालू असेल तर त्यात चार तासांचं अंतर.' लोहाच्या गोळीला: 'चहाबरोबर नको, आणि शी काळी झाली तर घाबरू नका.' दम्याच्या स्टेरॉइडच्या पंपाला: 'ओढून झालं की चूळ भरा.' इन्सुलिनला: 'फ्रिजच्या खालच्या भागात, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको.' पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या माणसाकडे फ्रिज नसतो हे गृहीत धरा आणि ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत कसं ठेवायचं ते सांगा. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे सांगणं फारच गरजेचं होतं.

दुसरी युक्ती म्हणजे सांगण्याऐवजी विचारायचं. पंप पाच वर्षं वापरणाऱ्या आजोबांना 'कसा वापरायचा माहीत आहे ना?' म्हटलं तर ते हो म्हणतात. 'एकदा ओढून दाखवा बरं' म्हटलं की कळतं, आजोबा पंप दाबतात आधी आणि श्वास घेतात नंतर. औषध सगळं जिभेवर.

पाकिटावर मराठीत लिहायची सवय ठेवा. 'जेवणानंतर' एवढं लिहिलं तरी पुष्कळ. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढते मी. चित्रकला बेताची आहे, पण चालतं.

५. मी सुधारतोय की नुसताच जुना होतोय, हे कळणार कसं? आमच्याकडे ना प्रमोशन, ना अप्रेझल.

वही घाला. शंभर पानी, साधी. रोज एक नोंद: आज मला काय आलं नाही. पेशंटचं नाव नको, औषध आणि प्रश्न पुरे. रात्री किंवा रविवारी उत्तर शोधून खाली लिहायचं.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते, कारण ती कुठल्याच पुस्तकात धड्याच्या रूपात आली नव्हती. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दिंडोरीकडचा एक तरुण आला. चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, अ‍ॅलर्जीची गोळी द्या म्हणाला. विचारलं तर दुपारभर द्राक्षबागेत काड्यांना औषध लावलं होतं, संध्याकाळी दोन पेग घेतले होते. काड्यांवरचे डोळे म्हणजे कोंब एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड. शरीरात गेलं की दारू पचवणारं एन्झाइम अडवतं, मग थोड्याशा दारूनेही असा भडका उडतो. मी त्याला गोळी दिली नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवलं. पण तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. नुसता संशय होता. कारण शोधलं त्या रविवारी. तेव्हापासून छाटणी सुरू झाली की बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे एक वाक्य सांगते. मुंबईतल्या फार्मासिस्टला याची गरज पडणार नाही. नाशिकच्या फार्मासिस्टला पडते.

वहीतली पुढची पायरी म्हणजे रिपोर्ट करणं. औषधाची वाईट रिअ‍ॅक्शन आली असं वाटलं तर ती भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅमला कळवता येते. २०१० पासून तो चालू आहे, फार्मासिस्टही कळवू शकतो, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. खात्री असायची गरज नाही, संशय पुरतो. माझा पहिला फॉर्म भरायला मला दीड तास लागला होता. आता दहा मिनिटं लागतात. जुने होणं आणि सुधारणं यातला फरक मला तिथे मोजता आला.

६. पगार फार कमी आहे. मित्र दुसऱ्या क्षेत्रात दुप्पट कमावतात.

कमी आहे, खरं आहे. माझा पहिला पगार नऊ हजार होता आणि त्यातले दोन हजार रिक्षात जायचे. अर्थ सापडला म्हणून घरभाडं भरलं जात नाही, तेव्हा या तक्रारीला लाजू नका.

पण नोकरी निवडताना आकड्याबरोबर हेही विचारा: नेमणुकीचं पत्र मिळेल का, साप्ताहिक सुट्टी ठरलेली आहे का, पीएफ कापतात का, आणि दुकानात तुमच्याहून जास्त जाणणारं कुणी आहे का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मी दोन हजार कमी घेऊन हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये गेले, कारण तिथे वॉर्डातून सिस्टर फोन करून प्रश्न विचारायच्या. वर्षभरात त्या दोन हजारांची भरपाई झाली.

७. 'तुझं सर्टिफिकेट लाव, घरी बस, महिन्याला पैसे घे' असं एकजण म्हणतोय. बरेच जण करतात. काय हरकत आहे?

लायसन्सवर नाव तुमचं, काउंटरवर दहावी पास मुलगा. त्याने झोपेची गोळी चुकीची दिली तर तपासणीत नाव कुणाचं निघेल? नोंदणी रद्द होऊ शकते आणि मग प्रश्न २ पासून पुन्हा सुरुवात करायचीही सोय राहत नाही. नाही म्हणा. जास्त काही लिहिण्यासारखं यात नाही.

८. मालक म्हणतात, चिठ्ठी नसली तरी अँटिबायोटिक देऊन टाक, नाहीतर गिऱ्हाईक समोरच्या मेडिकलमध्ये जाईल. मी नवीन आहे, भांडू कसा?

भांडू नका. रजिस्टर पुढे करा.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ ही चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची यादी लागू आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स ही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलामसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्या त्यात येतात. यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या. ती तीन वर्षं जपायची. डॉक्टरांचं नावच नसेल तर त्या रकान्यात काय लिहायचं, एवढाच साधा प्रश्न मालकांना विचारा, चेहरा शक्य तितका भाबडा ठेवून. अन्न व औषध प्रशासनाचे लोक येतात तेव्हा हीच वही आधी मागतात, हे मालकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

गिऱ्हाइकाला नुसतं 'मिळणार नाही' म्हटलं की ते चिडतं. ताप किती दिवस, दम लागतोय का, लहान मूल आहे का हे विचारा. पॅरासिटामॉल, ओआरएसवर भागणारं असेल तर ते द्या आणि पाकीट एक लिटर पाण्यात एकदम घालायचं हेही सांगा. लोक ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकतात. भागणारं नसेल तर जवळचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा आहे ते सांगा. आमच्या काउंटरखाली आसपासच्या डॉक्टरांच्या वेळांचा कागद चिकटवलेला आहे. त्या कागदाने जितकी भांडणं मिटवली तितकी कुठल्याही कायद्याने नाही.

खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेलेला असेल तर नुसतं सिरप देऊन पाठवू नका, टीबीची तपासणी सुचवा. आणि टीबीची औषधं देणाऱ्या मेडिकलनेही पेशंटची माहिती सरकारला कळवणं २०१८ पासून बंधनकारक आहे. नवीन मुलांना हे सहसा कुणी सांगत नाही.

९. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चिठ्ठीवर औषध द्यायचं का? आणि तीच जुनी चिठ्ठी घेऊन परत परत येतात त्यांचं काय?

२०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन पाठवू शकतात. म्हणजे फोटो म्हणून तो बाद होत नाही. पण नाव, तारीख, सही, नोंदणी क्रमांक दिसायला हवा. 'डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय' ही चिठ्ठी नव्हे. शेड्यूल एक्स या सगळ्यात कडक यादीतली आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं टेलिमेडिसिनवर लिहून देताच येत नाहीत. शेड्यूल एक्सला चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक तुम्ही दोन वर्षं सांभाळायची.

जुन्या चिठ्ठीचा नियम सोपा आहे: पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर ती एकदाच चालते, आणि औषध दिल्यावर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर टाकायची. शिक्का मारायचा कंटाळा करू नका. बीपीच्या पेशंटचं काय, असं विचाराल. गोळी बंद पडणंही धोक्याचंच. मी डॉक्टरांना फोन करते, 'पुन्हा द्यावे, तीन महिने' असं लिहून आणायला सांगते. पुढच्या वेळी कटकट राहत नाही.

१०. चिठ्ठीवरचा ब्रँड संपलाय. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं तर? जेनेरिक दिलं तर पेशंटचे पैसेही वाचतात.

हेतू चांगला, नियम आड येतो. औषध नियमावलीतला ६५ (११ए) म्हणतो की शेड्यूल एच (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची मूळ यादी) आणि एक्समधल्या औषधाच्या जागी दुसरं काही द्यायचं नाही, घटक तोच असला तरीही. डॉक्टरांना फोन करा, हो म्हणाले तर चिठ्ठीवर तसं नोंदवून घ्या. डॉक्टरांनी मुळात घटकाचंच नाव लिहिलं असेल तर मात्र ब्रँड निवडायला हरकत नाही, आणि तिथे स्वस्त पर्याय आपणहून दाखवायचा.

२०१५ च्या सिंहस्थात हा प्रश्न रोज यायचा. उत्तरेकडून आलेली माणसं, सामान हरवलेलं, हातात स्ट्रिपचा कापलेला कोपरा, कंपनी आपल्याकडे न मिळणारी. त्यावर घटकाचं नाव वाचता आलं तर नशीब. तेव्हा रामकुंडाजवळच्या डॉक्टरांकडे पाठवून नवी चिठ्ठी आणायला लावणं हाच मार्ग होता. २०२७ च्या पर्वण्यांना तुमच्यातले बरेच जण काउंटरवर असाल, तेव्हा हे आत्ताच लक्षात ठेवा आणि आकड्यांपुरतं तरी हिंदी पक्कं करा.

११. माझ्या हातून चुकीचं औषध गेलं. कुणाला कळलं नाही. सांगू का?

आधी पेशंटला फोन. मग डॉक्टरांना. मग मालकांना. याच क्रमाने, आणि आत्ता, हे वाचून झाल्यावर नाही.

माझ्या हातून दुसऱ्या वर्षी ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीच्या १ मिग्रॅच्या जागी २ मिग्रॅ गेली होती. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या स्ट्रिपा, एकावर एक ठेवलेल्या. तासाभराने साठा लावताना लक्षात आलं. बिलावर नंबर होता म्हणून वाचले. काकांनी अजून गोळी घेतली नव्हती. मी हिरावाडीत त्यांच्या घरी जाऊन बदलून दिली. काकूंनी चहा पाजला, मालकांनी आठवडाभर बोलणी ऐकवली. चहा जास्त लागला मनाला.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिपा वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या, आणि देताना नाव आणि मिलिग्रॅम मोठ्याने वाचायला लागले. बिलावर फोन नंबर घेण्याचा आग्रहही तेव्हापासूनचा. चूक वहीत (प्रश्न ५) लिहा. लपवलेली चूक पुन्हा होते, कारण कप्पा तोच राहतो.

१२. सातपूर, अंबडला एवढ्या कंपन्या आहेत. काउंटरपेक्षा तिथे जाणं बरं नाही का?

अंबडला ग्लॅक्सो आहे, सातपूरला ग्लेनमार्क, सिन्नरच्या वसाहतींतही औषधाचे कारखाने आहेत. प्रॉडक्शन, क्यूसी (मालाची तपासणी), क्यूए (गुणवत्तेची हमी) असे रस्ते. शिफ्ट फिरती असते, पेशंट कधीच दिसत नाही, दिवसाचा बराच भाग बॅच रेकॉर्डमध्ये जातो. ज्यांना माणसांशी बोलून थकवा येतो त्यांना हे मानवतं.

तिथला अर्थ शोधायला लागतो, कारण तो न घडलेल्या गोष्टीत असतो. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने लहान मुलं दगावली. कच्च्या मालाचा नमुना वापरण्याआधी तपासणं हे क्यूसीतल्या नव्या मुलाला कंटाळवाणं वाटणारं काम आहे. ते नीट झालं तर बातमी होत नाही.

१३. सरकारी नोकरीचं काय?

जिल्हा परिषदेकडे औषध निर्माण अधिकारी हे पद असतं, नेमणूक प्राथमिक आरोग्य केंद्रात. भरती निघते तेव्हा निघते, वाट बघत घरी बसू नका. मिळालं तर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या बाजूला जायला कचरू नका. पावसाळ्यात सर्पदंशावरचं प्रतिविष साठ्यात आहे की नाही हे तिथे तुमच्या मागणीपत्रावर ठरतं. शहरातल्या मेडिकलमध्ये एवढी जबाबदारी इतक्या लवकर कुणी देत नाही.

औषध निरीक्षकाची परीक्षा एमपीएससी घेते. अनुभवाची अट जाहिरातीत नीट वाचा.

१४. स्वतःचं मेडिकल कधी टाकावं?

किरकोळ विक्रीला किमान १० चौरस मीटर जागा, फ्रिज आणि फॉर्म २० व २१ वरचं लायसन्स लागतं. हे सोपं. अवघड आहे ते एक्स्पायरी. टाकण्याआधी सहा महिने गोळे कॉलनीतल्या एखाद्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, काम करा. कुठला माल परत जातो, किती महिने आधी द्यावा लागतो, कोण उधारी बुडवतो, हे तिथे फुकट शिकता येतं. जनऔषधी केंद्राचा पर्यायही पाहा. मार्जिन ठरलेलं असतं आणि पेशंटचा खर्च खरोखर कमी होतो, मात्र जवळच्या डॉक्टरांनी घटकाचं नाव लिहिलं नाही तर प्रश्न १० ची अडचण रोज येईल.

१५. मला रात्री अकरापर्यंत थांबवतात. घरचे म्हणतात, मुलीने हे काम करू नये.

काम करू नये हे चूक, अकरापर्यंत एकटीने थांबू नये हे बरोबर. वेळ नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये शिफ्ट ठरलेली असते आणि आजूबाजूला माणसं असतात. मी तिकडे वळले त्याचं हेही एक कारण होतं. आणि बायका त्यांच्या दुखण्यांबद्दल पुरुष फार्मासिस्टशी बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतात. घरच्यांना हे सांगून बघा.

१६. एवढं सगळं वाचूनही मला हे आवडत नाहीये. सोडू का?

नेमकं काय आवडत नाही ते आधी वेगळं करा: दुकान, मालक की काम. पहिली दोन कारणं असतील तर दुकान बदला आणि सहा महिने द्या. मी पंचवटी सोडली तेव्हा फार्मसीच सोडायला निघाले होते. तिसरं असेल तर सोडा, त्यात कमीपणा नाही. माझ्या बॅचची एकजण आता इंदिरानगरला केक करून विकते. मजेत आहे. नोंदणीचं नूतनीकरण मात्र तिने अजून एकदाही चुकवलेलं नाही.